११२ किलो वजन आणि वेकसर्फचा बोर्ड

प्रश्न: नमस्कार सर. मी शिवोलीचा. वय ३८, उंची ५ फूट ११ इंच, वजन ११२ किलो. पोहायला लहानपणापासून येतं, शापोरा नदीतच शिकलो. माझा मावसभाऊ दुबईला असतो. त्याच्या मित्राकडे वेकसर्फिंगची खास बोट आहे आणि डिसेंबरात मी गेलो की ते मला शिकवणार आहेत. भाऊ विचारतो, तुझ्यासाठी केवढा बोर्ड घेऊन ठेवू? त्याच्याकडे ४ फूट १० इंचांचा आहे, तो म्हणतो यावर तुझंही भागेल. नेटवरच्या तक्त्यात ९० किलोंच्या पुढे नुसतं 'मोठा' लिहिलंय. इथला एक मित्र म्हणतो, आधी २० किलो कमी कर, मग पाण्यात उतर. दुसऱ्या मित्राची डॉल्फिन दाखवायची फायबरची बोट आहे, मागे दोन इंजिनं. तो म्हणतो, जाण्याआधी नदीत माझ्या बोटीमागे सराव करू, आश्व्याहून ८ फुटी सॉफ्टटॉप (वरून मऊ फोमचा सर्फबोर्ड) आणतो. काय करू?
— एक वाचक, शिवोली

तुमच्या पत्राचा शेवट आधी घेतो. मित्राच्या बोटीमागे सराव करू नका. हळू चालवतो म्हणाला तरी नको, एकदाच बघू म्हणाला तरी नको.

कारण नीट सांगतो, म्हणजे मित्रालाही समजावता येईल. वेकसर्फिंगमध्ये, म्हणजे बोटीमागच्या लाटेवर बोर्डावर उभं राहून सरकण्याच्या खेळात, दोरी फक्त उभं राहण्यापुरती असते. लाटेने पेललं की दोरी बोटीत टाकून द्यायची, मग बोटीने उठवलेली लाटच तुम्हाला पुढे ढकलत राहते. पण ही लाट बोटीला लागूनच असते. म्हणजे तुम्ही बोटीच्या मागच्या कडेपासून जेमतेम दोन-तीन मीटरवर उभे असता आणि लाटेचा रेटा सतत बोटीच्याच दिशेने असतो. नवखा माणूस पुढे तोंडघशी पडला की बोटीकडेच पडतो. ओबीएम, म्हणजे मागे बाहेरून टांगलेलं इंजिन, लावलेल्या बोटीचा पंखा नेमका तिथे, मागच्या कडेला फिरत असतो. वेकसर्फच्या बोटीचं इंजिन आत बसवलेलं असतं आणि पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या कडेपासून बराच आत. हा फरक जीवन-मरणाचा आहे. कळंगुट-बाग्याला माणसांना ओढत नेणाऱ्या बोटी पाहून तुमच्या मित्राला वाटत असेल की हेही तसंच. तिथे मधे लांब दोरी असते आणि माणूस पंख्यापासून दूर राहतो. इथे ते अंतरच नाही.

शिवाय त्या बोटीमागे तुम्हाला लाटही मिळणार नाही. हलकी फायबरची बोट वेग घेतला की पाण्यावर उचलली जाते आणि मागे सपाट, फेसाळ पाणी सोडते. वेकसर्फच्या बोटीत मुद्दाम टाक्या भरून हजार-दोन हजार किलो पाणी घेतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. बोट जड झाली, पाण्यात रुतली, एका बाजूला कलली, की त्या बाजूला कमरेएवढी स्वच्छ लाट उठते. तीच तुमचं वजन पेलते. डॉल्फिन बोटीमागे तुम्ही दिवसभर दोरीला लोंबकळलात तरी दोरी सोडायची वेळ येणार नाही आणि तुम्ही समजाल की दोष आपल्या वजनाचा. हे मला अजिबात नको आहे.

नदीचंही एक आहे. खरी वेकसर्फची बोट असली, तरी शिवोली-कोलवाळच्या अरुंद पट्ट्यात ती लाट उठवावी असं मला वाटत नाही. ओहोटीला तिथे वाळूचे पट्टे वर येतात, माणसं तिसऱ्या-खुबे काढायला कमरेभर पाण्यात असतात, छोट्या होड्या असतात. आणि खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध मातीचे. ज्यांनी भरतीच्या पाण्याने फुटलेला बांध पाहिलाय, खारं पाणी शेतात शिरल्यावर काय होतं ते पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. बाहेरच्या देशांत ही मंडळी काठापासून निदान ६० मीटर लांब आणि खोल पाण्यात राहण्याचा संकेत पाळतात. आपल्याकडे तेवढी मोकळी जागा शोधून, बंदर कप्तान खात्याकडे रीतसर विचारूनच कोणी हे करावं.

आता बोर्ड.

भावाला सांगा, ५ फूट ६ इंच ते ५ फूट ८ इंच. मिळाला तर ५ फूट ८ इंचच. रुंदी २२ इंचांच्या आसपास, जाडी अडीच इंच किंवा थोडी जास्त, आणि 'सर्फ' प्रकारचा, पुढे सांगतो तो 'स्किम' नव्हे. दुकानात तो तुमच्या शेजारी उभा केला तर टोक साधारण तुमच्या डोळ्यांपर्यंत यावं. भावाकडचा ४ फूट १० इंचांचा बोर्ड त्याच्यासाठी ठीक असेल. तुम्ही शिकायची सुरुवात त्यावर करू नका.

हे मी इतक्या ठामपणे लिहितोय, कारण मी स्वतः तो अनुभव घेतलाय. पहिल्यांदा परदेशात एका तलावावर हे केलं तेव्हा मी ९६ किलोंचा होतो. बोटीवाल्याने हातात ४ फूट ८ इंचांचा बोर्ड दिला आणि म्हणाला, सगळे यावरच शिकतात. सकाळभर मी पाण्यातून वर यायचो, गुडघे थरथरायचे, बोर्ड घोट्यापर्यंत पाण्यात रुतायचा, दोरी सैल केली की मागे पडायचो. बोटीत बसलेले सगळे माझ्यापेक्षा हलके, तेही प्रेमाने सांगत होते, पोट आत घे, पुढे झुक. मी रात्री जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बोटीवरच्या एका गृहस्थांनी न मागता त्यांचा ५ फूट ६ इंचांचा जाड बोर्ड दिला. दुसऱ्या प्रयत्नात मी उभा राहिलो, पाचव्यात दोरी टाकली. एका रात्रीत माझं शरीर बदललं नव्हतं.

का असं होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण दुकानदार फक्त लांबी सांगतात आणि लांबी ही अर्धीच गोष्ट आहे.

समुद्रावरच्या सर्फिंगमध्ये बोर्डाला आधी तुम्हाला तरंगत ठेवावं लागतं. तुम्ही पोटावर झोपून हातांनी वल्हवता, लाट पकडता, मग उठता. म्हणून तिथे लिटर मोजतात. नवख्यासाठी ढोबळमानाने जितके किलो वजन तितक्या लिटरचा बोर्ड. बोटीमागे तसं नाही. बोर्ड तुम्हाला तरंगवत नाहीच, सुरुवातीला तुम्ही लाइफ जॅकेटच्या आधाराने पाण्यात असता. दोरी तुम्हाला वर काढते आणि वेग आला की पाणी बोर्डाच्या तळाला खालून उचलून धरतं. म्हणून इथे बोर्ड समुद्रावरच्यापेक्षा खूप छोटा चालतो. पण पाण्याला उचलून धरायला तळाचं क्षेत्रफळ हवं. ११२ किलोंखाली छोटा तळ असला तर तो पाण्यावर सरकण्याऐवजी पाणी नांगरत जातो. नांगरणारा बोर्ड लाटेच्या वेगाला पुरा पडत नाही आणि तुम्ही लाटेच्या उतारावरून मागे घसरता. हे ओळखायची खूण सोपी आहे. दोरी सैल सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत ती पुन्हा ताणली गेली, दर वेळी, तर बोर्ड कमी पडतोय किंवा लाट कमी पडतेय. तुमच्या पायांना दोष देण्याआधी या दोन गोष्टी तपासायच्या.

म्हणून लांबीइतकीच रुंदी बघा, खास करून मागच्या टोकाची. वजनदार माणसाचा मागचा पाय तिथे असतो. मागचं टोक रुंद, चौकोनी वळणाचं असेल तर ते पाय पेलतं. निमुळतं असेल तर तिथेच बुडतं. बोर्ड बाजूने पाहिला की तो पुढे-मागे केवढा वर वळलाय ते दिसतं. तुम्हाला सपाट हवा, कमी वळणाचा. सपाट बोर्ड वेग धरून ठेवतो. वळणदार बोर्ड गिरक्या घेणाऱ्यांसाठी असतो. 'स्किम' नावाचा पातळ, छोट्या फिनचा (फिन म्हणजे तळाला बसवलेली उभी पाती) प्रकार दिसायला देखणा असतो आणि दुकानात हमखास पुढे मांडलेला असतो. भावाला तो घेऊ देऊ नका. तो पायाखालून सटकतो, आणि सटकू नये हीच तर तुमची पहिली गरज. खाली तीन फिन असू देत, मधली चांगल्या उंचीची. त्याने बोर्ड सरळ धावतो.

तक्त्याबद्दल. हायपरलाइट, रॉनिक्स, लिक्विड फोर्स असे बरेच जण हे बोर्ड बनवतात आणि प्रत्येकाचा वजनाचा तक्ता वेगळा असतो, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. त्यात वजनाची वरची मर्यादा दिलेली असते. ती ज्याला येतं त्याच्यासाठी धरा. शिकणाऱ्याने असा बोर्ड घ्यावा की आपलं वजन त्या मर्यादेच्या बरंच आत बसेल. तुम्ही ११२, भिजलेलं जॅकेट आणि कपडे धरून ११५. तेव्हा '११५ किलोंपर्यंत' लिहिलेला बोर्ड तुमचा नव्हे. आणि भावाला खरा आकडा सांगा. पाच-दहा किलो कमी करून सांगायचा मोह होतो, मला झाला होता. त्याची किंमत पाण्यात आपणच मोजतो.

मग ८ फुटी सॉफ्टटॉप का नाही, तोही मोठाच की? तो समुद्राचा बोर्ड आहे. बोटीमागच्या लाटेचा उतार आखूड असतो. एवढा लांब बोर्ड त्यात मावत नाही, नाक पाण्यात घुसतं किंवा वळून थेट बोटीकडे जातं. पडलात की तीच लांब फळी तुमच्या डोक्याशी. बोटीमागे वापरण्यासाठी तो विसरा.

पण आश्व्याला मात्र जा! माझ्या मते तुमच्यासाठी खरी तयारी तिथे आहे. पाऊस गेल्यावर ऑक्टोबरपासून आश्वे-मांद्र्याच्या लाटा लहान आणि समजूतदार असतात, शिकवणारेही असतात. तिथे जीवरक्षक ड्युटीवर असतील तेव्हाच उतरा. आणि तिथे ८ फुटी घेऊ नका, वर सांगितलेला लिटरचा हिशोब लावा. तुमच्या वजनाला ९ फुटी, भरपूर जाड सॉफ्टटॉप लागेल. पहिल्या दिवशी लाटेवर उभं नाही राहिलात तरी हरकत नाही. पायाखाली हलणाऱ्या फळीवर गुडघे मऊ ठेवायचे, नजर पायांकडे न टाकता समोर ठेवायची, पडताना बोर्डापासून लांब, पसरून पडायचं, एवढी सवय घेऊन या.

तिथेच तुमचा पुढचा पाय कोणता ते कळेल. घरीही कळतं. डोळे मिटून उभे राहा, कोणाला तरी मागून हलकेच ढकलायला सांगा. तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे येतो, तो सहसा बोर्डावरही पुढचा. दुबईला पोचल्यावर बोट चालवणाऱ्याला हे पहिल्यांदा सांगा. डावा पाय पुढे असेल तर त्याने लाट बोटीच्या डाव्या बाजूला उठवायची, उजवा असेल तर उजव्या. म्हणजे तुमचं तोंड लाटेकडे राहतं. पाठ लाटेकडे करून शिकणं फार अवघड जातं.

चालवणाऱ्याशी आणखी दोन गोष्टी बोला. टाक्या पूर्ण भरायला सांगा. हलक्या माणसासाठी अर्ध्या भरल्या तरी चालतं, तुमच्यासाठी लाट पूर्ण ताकदीची हवी. बोटीतली माणसंही लाटेच्या बाजूला बसवा. वेग ताशी १७ ते १९ किलोमीटरच्या दरम्यान. हळू गेलं तर लाट उंच पण आखूड, थोडं वाढवलं तर ती लांब होते आणि तुम्हाला उभं राहायला जागा मिळते. वजनदार माणसाला बहुधा वरचा आकडा मानवतो. तुम्हीच हाताने खूण करा, अर्ध्या-पाऊण किलोमीटरनेही फरक जाणवतो.

दुसरी गोष्ट, सुरुवातीचा झटका. वजनदार माणूस पाण्यात दिसला की चालवणारा एकदम इंजिन वाढवतो, त्याला वाटतं जास्त जोर लागेल. त्याने फक्त दोरी हातातून निसटते आणि खांदे दुखतात. हळूहळू, एकसारखा वेग वाढवायला सांगा. मोठा बोर्ड असेल तर तुम्ही कमी ओढीतच वर येता. तुमचं काम एवढंच. पाठीवर तरंगायचं, टाचा बोर्डाच्या कडेवर, हात सरळ. ओढ लागली की टाचा दाबायच्या, बोर्ड आपणहून उभा राहून तळव्यांना चिकटतो. मग गुडघे छातीशी. पोट मोठं असेल तर गुडघे समोर आणण्याऐवजी थोडे बाहेरच्या बाजूला उघडा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर अर्धी सकाळ वाचली असती. उठायची घाई करू नका, दोरी स्वतःकडे ओढू नका. बोट तुम्हाला वर आणेपर्यंत बसूनच राहा.

उभं राहिल्यावर पुढच्या पायावर वजन टाकलं की वेग वाढतो, मागच्यावर टाकलं की कमी होतो. बोर्ड मोठा असल्यामुळे तुम्हाला पुढचा पाय मधल्या रेषेच्या किंचित पुढे ठेवावा लागेल. नुसतं मागे रेलून उभे राहिलात तर हाच मोठा बोर्डही नांगरायला लागेल. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही. बोर्डाला पायाशी बांधायची दोरीही इथे लावू नका.

जॅकेट मात्र आत्ताच बघायला लागा, यात वेळ जातो. किनाऱ्यावर भाड्याने मिळणारी केशरी जॅकेटं तुमच्या छातीवर बंद होत नाहीत, हे मी न पाहता सांगू शकतो. अर्धं उघडं जॅकेट पाण्यात वर सरकून हनुवटीला अडकतं आणि श्वास कोंडतो. छातीचं माप फितीने घ्या, ते भावाला कळवा. सगळी बकलं लागली पाहिजेत, आणि खांद्याला धरून कोणी वर ओढलं तरी ते कानांपर्यंत येता कामा नये. गोव्यात करंझाळ्याला केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. तिथे जीवरक्षणाचं आणि पॉवरबोट चालवण्याचं शिक्षण देतात. तुमचा डॉल्फिनवाला मित्र एवढा हौशी आहे तर त्याला तिथे चौकशी करायला पाठवा, त्याच्या रोजच्या पर्यटकांनाही त्याचा उपयोग होईल.

आणि एक धोका दिसत नाही म्हणून लिहितो. इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो बोटीच्या मागच्या कडेलाच साचतो. इंजिन चालू असताना मागच्या फळीला धरून लोंबकळत आराम करायचा नाही. डोकं जड झालं, गरगरलं, मळमळलं तर ते थकव्यावर ढकलू नका. लगेच बाजूला, मोकळ्या हवेत. पाण्यातून बोटीवर चढताना इंजिन बंद.

त्या '२० किलो कमी कर' म्हणणाऱ्या मित्राविषयी. तुमच्या तब्येतीसाठी वजन कमी करायचं की नाही, ते तुम्ही आणि तुमचे डॉक्टर ठरवा. या खेळात उतरायला ती अट नाही. ९२ किलोंचे असतात तर मी तुम्हाला ५ फूट ४ इंच सांगितला असता. फरक बोर्डाच्या चार इंचांचा आहे. तुम्हाला शापोऱ्यात पोहता येतं, पाण्याची भीती नाही, शिकवायला घरचा माणूस आहे. तुमच्यापेक्षा हलके पण पाण्याला घाबरणारे लोक मी किनाऱ्यावरूनच परतताना पाहिलेत.

राहिला खरेदीचा प्रश्न. भावाने लगेच नवा बोर्ड घेऊ नये. तुम्ही जाईपर्यंत कोणाचा तरी मोठा बोर्ड उसना किंवा भाड्याने मिळतो का ते बघू दे. जुना विकत मिळाला तरी चालेल. दोन्ही अंगठ्यांनी वरचा भाग सगळीकडे दाबून बघायचा. कुठे मऊ लागलं, कुरकुरलं, किंवा फिनच्या बुडाशी तडा दिसला तर सोडून द्यायचा, आत पाणी शिरलेलं असतं. वर पायांसाठी फोमचं आवरण असलेला निवडा, म्हणजे मेण लावायला नको. दुबईच्या काय आणि आपल्या काय, उन्हात मेण वितळून जातं. बंद गाडीत किंवा गच्चीवर बोर्ड ठेवू नका, उन्हाने वरचा थर सुटून फुगतो. आणि येताना तो गोव्यात आणू नका. इथे तुमच्या हाताशी त्याच्यासाठी बोट नाही, आणि आश्व्याच्या लाटेवर तो तुम्हाला तरंगवणार नाही. भावाकडेच राहू दे, पुढच्या डिसेंबरसाठी.